एक घास काऊचा...



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर जे रण पेटलं, ते तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी पाहिलंच आहे. भाचे, पुतणे, सुना, जावई सगळे दोन तट करून उभे! एका बाजूला "मुक्या जिवांच्या तोंडचा घास काढणारे तुम्ही कोण?" आणि दुसऱ्या बाजूला "माणसांच्या फुफ्फुसांचं काय?" शेवटी धाकट्या जाऊबाईंनी विचारलं, "अक्का, तुम्ही इतकी वर्षं दादरला शिकवलंत. तुम्हीच कशा गप्प?"

मी गप्प होते, कारण दोन्ही बाजू माझ्याच होत्या. आज सांगते. पण जन्म शाळेत गेला, बी.ए.ला इतिहास घेतलेला, त्यामुळे सुरुवात जरा मागूनच करावी लागेल. चालवून घ्या.

माझं बालपण बार्शी तालुक्यातलं. माळवदाचं घर, पुढे अंगण, मागे गोठा. आजी स्वयंपाक झाला की आधी देवाला नैवेद्य दाखवायची, मग गाईला, आणि मग परसदारच्या दगडावर कावळ्याचा घास ठेवायची. घास म्हणजे केवढा, तर भाकरीचा चतकोरसुद्धा नाही, दोन बोटांत मावेल एवढा तुकडा. त्यावर थोडी आमटी. आजोबा जेवायला बसले की पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायचे. ती शितंही जेवण झाल्यावर बाहेर पाखरांनाच जायची. आम्हां पोरांना भरवताना "एक घास चिऊचा, एक घास काऊचा" हे तर घरोघरी. मूल अर्धं जेवायचं, उरलेलं खरोखरच चिऊकाऊ जेवायचे.

याला शास्त्रात जागा आहे हे मला पुढे कॉलेजात कळलं. गृहस्थाने रोज करायच्या पंचमहायज्ञांत एक भूतयज्ञ असतो, म्हणजे सगळ्या प्राणिमात्रांसाठी अन्न काढून ठेवणं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ते अन्न जमिनीवर कोणाकोणासाठी ठेवावं याची यादी आहे. कुत्रे, कावळे, कृमी आहेत, आणि त्यांच्याच ओळीत जातीबाहेर टाकलेली माणसं आणि रोगी माणसंही आहेत! प्राध्यापकांनी हे वर्गात सांगितलं तेव्हा मला आधी आजीचा घास आठवून बरं वाटलं आणि पुढच्याच क्षणी लाज वाटली. दया हा शब्द किती तऱ्हेने वापरता येतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. असो.

पण आजीचा तो घास हा पाखरांच्या पोटापाण्याचा फार छोटा भाग होता. खरं त्यांचं पोट भरायचं ते आमच्या राहणीतून. खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरायची, मळणी व्हायची, मग वावडीवर उभं राहून उफणणी. बलुतेदार आपापलं बलुतं खळ्यावरून न्यायचे, आणि पाखरं आपलं न विचारता न्यायची. घरी रोज जात्यावर दळण, सुपाने पाखडणं, निवडणं. अंगणात दाणे सांडलेलेच असायचे. शेणाचा उकिरडा, गोठा, परसातली भाजी, यामुळे किडे-अळ्या भरपूर. भिंतीवरच्या तसबिरींच्या मागे चिमण्यांची घरटी. दिवाळीला साफसफाई काढली की आई ओरडायची, "त्या फोटोला हात लावू नका रे, पिल्लं आहेत!" हे कुणी निसर्गप्रेम म्हणून करत नव्हतं. चिमणी घरातलीच होती, एवढंच.

आणि हो, फार गोड चित्र रंगवायला नको. हीच आम्ही मंडळी जानेवारीत शाळू हुरड्यात आला की पाखरांचे वैरी व्हायचो. शेतात चार मेढी रोवून माळा उभारायचा, त्यावर आम्ही पोरं गोफण घेऊन दिवसभर "हाऽऽ हूऽऽ" करत उभी. सूर्य उगवायच्या आधी माळ्यावर जायचं, कारण पाखरं पहाटेच उतरतात. दुपारी ती झाडावर बसतात, तेव्हा आपणही भाकरी खाऊन घ्यायची. चार वाजता पुन्हा सुरू. आता वाटतं, आम्हाला पाखरांची जी काही माहिती होती ती घास ठेवल्यामुळे नव्हती, या राखणीमुळे होती. कोणतं पाखरू कणसावर कसं बसतं, कोणतं थव्यानं येतं, कोणतं एकटं, हे सगळं पाठ! भांडण असलं तरी ओळख होती.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी बावीस वर्षांची होते, सोलापूरला शिकत होते. सुट्टीत गावी गेले तर गाव ओळखू येईना. माणसं कामावर खडी फोडायला जात होती, पोरांना सुकडी मिळायची, रेशनवर तो लाल मिलो. त्याची भाकरी थापली की तुटायची. खळी रिकामी, अंगणात सांडायला दाणा नाही. आजी त्याही वर्षी परसदारच्या दगडावर घास ठेवत होती. मी म्हटलं, "आजी, माणसांना पुरत नाही आणि तू कावळ्याला कसली देतेस?" ती म्हणाली, "अगं, मी कुठं पोटभर देते? तो येतो का नाही, ते बघते." मला तेव्हा ते म्हातारीचं बोलणं वाटलं. त्याचा अर्थ लागायला पुढची जवळजवळ पन्नास वर्षं गेली.

१९७३ ला नोकरी लागली आणि मुंबईला आले. दादरच्या शाळेत. स्टेशनवरून शाळेत जाता-येता वाटेत कबुतरखाना. मला आधी ते नवलच वाटलं! आमच्याकडे घास एका चिमटीत, आणि इथे पोत्यानं धान्य. हजारो पारवे एकदम उठले की पंखांचा वारा अंगावर यायचा. पाचवी-सहावीच्या मुलांची सहल म्हटलं की मुलं सांगायची, "बाई, कबुतरखान्यावरून जाऊया."

हा कबुतरखाना १९३३ सालातला. मुळात ते पाण्याचं कारंजं होतं. पण त्याच्यामागची दयेची परंपरा त्याहून जुनी. गुजरातेत, विशेषतः अहमदाबादच्या पोळांमधून, चबुतरे असतात. उंच खांबावर नक्षीदार छत्री, आणि तीत पाखरांसाठी दाणापाणी. तिकडून व्यापारासाठी मुंबईत आलेल्या कुटुंबांनी ही रीत बरोबर आणली. शिवाय मुंबईचा स्वतःचाही या बाबतीत एक इतिहास आहे. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायचं ठरवलं तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहरात दंगल झाली. कुत्र्यांसाठी दंगल! त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभा राहिला. तेव्हा आज कुणी म्हणत असेल की हे प्राण्यांचं वेड हल्लीचं आहे, तर तसं नाही. या शहरात ते दोनशे वर्षं मुरलेलं आहे आणि त्यात खरी माया आहे.

याच मुंबईत पाखरांशी नातं जोडण्याचा दुसराही एक रस्ता निघाला. १५ सप्टेंबर १८८३ ला आठ माणसं एकत्र आली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. आठांतले दोघे आपले, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक, आणि सखाराम अर्जुन हे रखमाबाईंचे सावत्र वडील. शाळेत रखमाबाईंचा धडा शिकवताना मी मुलांना हे हटकून सांगायची. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बहुतेक वेळा बंदूक घेऊनच. पक्षी मारायचा, पेंढा भरायचा, कपाटात ठेवायचा. सालिम अलींची गोष्टसुद्धा तिथूनच सुरू होते. शाळकरी वयात त्यांनी एअरगनने एक चिमणी मारली. तिच्या गळ्याशी पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, म्हणून मामांनी त्यांना सोसायटीत पाठवलं, तिथे मिलार्ड साहेबांनी कपाटं उघडून दाखवली, आणि पोरगं पाखरांमागे लागलं ते जन्मभर! १९८५ साली निघालेल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं तेही त्या पडलेल्या चिमणीचंच, 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'.

मला त्यांच्या आयुष्यातलं एक वर्ष फार आवडतं. १९३०. हातची नोकरी गेलेली, म्हणून अलिबागजवळ किहीमला येऊन राहिलेले. घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत होती. बाकी उद्योग नाही म्हणून पावसाळाभर ते ती घरटी बघत बसले. त्यातून जे कळलं ते तोवर कुणालाच नीट माहीत नव्हतं. नर घरटं अर्धवट विणतो, मग माद्या येऊन पारखतात. पसंत पडलं तर मादी राहते, आणि नर दुसरं घरटं विणायला घेतो! ज्या सुगरणींना आम्ही गोफणीने हाकलत होतो, त्यांचा संसार या माणसाने एक दाणाही न टाकता, नुसता बघून जगाला सांगितला.

हे सगळं मला माहीत होतं बरं का! वर्गात रंगवून सांगत होते. आणि तरीही मी जे केलं ते केलं.

२००८ ला निवृत्त झाले. आम्ही ठाण्याला चौथ्या मजल्यावर राहतो. मुलं आपापल्या मार्गाला लागलेली, सकाळी साडेसहाला निघायची सवय, आणि आता जायचं कुठेच नाही. आई त्याच वर्षी गेली. दशक्रियेला कावळा लवकर शिवला नाही, ताटकळत बसलो होतो, ते मनाला फार लागलं होतं. मग मी बाल्कनीत रोज मूठभर ज्वारी टाकायला लागले. कावळे आले नाहीत. पारवे आले. आधी दोन, मग दहा, मग मोजायचं सोडून दिलं. मूठभराचं शेरभर कधी झालं कळलं नाही. वाण्याकडून महिन्याला दहा किलो ज्वारी यायची. सकाळी दार उघडायच्या आधी ते येऊन बसलेले असायचे, मला वाटायचं माझी वाट बघतात. शाळेची घंटा झाल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटायचं.

आमचे हे कधी काही बोलले नाहीत. त्यांची आरामखुर्ची त्याच बाल्कनीच्या दाराशी. वाळलेली विष्ठा खराट्याने काढायचं कामही त्यांचंच, कारण मला कंबरदुखी.

२०१८ च्या पावसाळ्यात ह्यांना कोरडा खोकला लागला. ऋतू बदलला म्हणून सोडून दिलं. काढे झाले, गोळ्या झाल्या. दिवाळीपर्यंत दोन जिने चढले की धाप लागायला लागली. छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सीटी स्कॅन केला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "घरी पक्षी पाळलेत का?"

मी म्हटलं, "नाही हो."

"खिडकीत कबुतरं येतात?"

मंडळी, आयुष्यात कधी मुलांसमोर खाली मान घातली नाही, ती त्या दिवशी घातली. म्हटलं, "येतात. मी दाणे घालते."

त्यांनी शांतपणे समजावलं. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिली तर काही माणसांची फुफ्फुसं तिच्याविरुद्ध बंड करतात, आतून सुजतात, आणि फार काळ गेला तर तिथे वण धरतात. सगळ्यांना होत नाही. एकाच घरात एकाला होतं, दुसऱ्याला काहीच नाही. "शंभर टक्के कशामुळे झालं हे मी सांगू शकणार नाही," ते म्हणाले, "पण कबुतरं आजपासून बंद."

घरी येताना रिक्षात ह्यांनी एवढंच म्हटलं, "तुला करमत होतं गं त्यांच्यामुळे." त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी जाळी लावून घेतली. तीन आठवडे पारवे जाळीवर येऊन धडकत होते आणि मी आत पडदा ओढून बसत होते. ह्यांना औषधांनी उतार पडला, पण जे वण धरले ते धरले. आता एक मजला चढायला मध्ये थांबावं लागतं. लिफ्ट बंद असली की आम्ही बाहेर जात नाही.

त्यानंतर मी काय केलं असेल, तर वाचायला बसले. शिक्षिकेला दुसरं काय येतं! आणि वाचता वाचता लक्षात आलं की नऊ-दहा वर्षं ज्यांना रोज जेवायला घालत होते त्यांच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. पारवा हा मूळचा कडेकपारीतला पक्षी. आपल्या इमारती म्हणजे त्याच्या लेखी कडेच. त्याची पिल्लं किड्यांवर वाढत नाहीत. आई-बाप दोघंही आपल्या गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार करून पिल्लांना भरवतात. त्यामुळे दाणा मिळाला की त्यांचा संसार बारा महिने चालू. चिमणीचं तसं नाही. ती स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना सुरुवातीला अळ्या आणि किडेच लागतात. म्हणजे मी कितीही ज्वारी टाकली तरी तिने चिमणीचं एक पिल्लू वाढणार नव्हतं. तिला हवा होता परस, उकिरडा, झुडपं, तसबिरीमागची जागा. ते सगळं आपण मोडलं, आणि बदल्यात दाण्यांची वाटी ठेवली.

आकडेही तेच सांगतात. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' नावाचा देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून केलेला अहवाल २०२० मध्ये निघाला. त्यात चिमणी देशभरात साधारण टिकून आहे असं आढळलं, पण मुंबईसारख्या महानगरांतून ती कमी होत गेली आहे. २०२३ च्या अहवालात पारव्यांची मात्र भरभराट! आपण शहरवाल्यांनी जे पेरलं तेच उगवलं.

आणि हे फक्त कबुतरांचं नाही. थंडीत गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीवर बघा, लोक कुरव पक्ष्यांना गाठ्या-फरसाण उडवत असतात. हजारो मैलांवरून आलेला मासेखाऊ पक्षी, आणि आपण त्याला तळलेलं बेसन चारतो, कारण फोटो छान येतो. इंग्लंडमधल्या माझ्या भाचीच्या बागेत दाण्यांच्या नळ्या टांगलेल्या आहेत. तिकडे ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे, कडाक्याच्या हिवाळ्यात पाखरं मरू नयेत म्हणून सुरू झालेली. पण तिथेही २००५ पासून ग्रीनफिंच नावाच्या हिरवट पक्ष्यांत घशाचा एक रोग पसरला. दाण्या-पाण्याच्या जागी गर्दी होते, उष्ट्यातून तो रोग एकाचा दुसऱ्याला लागतो. हे पक्षी इतके घटले की २०२१ मध्ये त्यांचं नाव तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेलं. भाची आता दर आठवड्याला त्या नळ्या धुते. मला म्हणाली, "मावशी, घालणं सोपं आहे गं, धुणं विसरतात लोक."

मग घास देऊच नये का? असं माझं म्हणणं नाही. रायगड जिल्ह्यातलं एक उदाहरण सांगते. १९९० च्या दशकात आपल्याकडची गिधाडं झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांमध्ये तर शंभरात एकही उरलं नाही म्हणावं इतकी. कारण २००४ मध्ये उजेडात आलं. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचं औषध देत, ते गुरू मेलं आणि गिधाडाने खाल्लं की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडांची थोडी घरटी उरली होती. तिथे गावकरी आणि कार्यकर्त्यांनी मेलेली गुरं गिधाडांसाठी नेऊन टाकायला सुरुवात केली, घरट्यांची झाडं राखली. हाही घासच! फोटोला शोभणारा नाही, पुण्य म्हणून कुणी मिरवणारही नाही. पण त्या पक्ष्याला काय हवं आहे, किती, कुठे, आणि कशाने तो मरतोय, हे आधी बघून दिलेला.

इथे मला आजी आठवली. "मी कुठं पोटभर देते? तो येतो का नाही, ते बघते." दुष्काळात कावळा येतो म्हणजे अजून काही जगतंय. तिचा घास म्हणजे रोजची विचारपूस होती. मी मात्र माझी रिकामी सकाळ भरायला पोतं रितं केलं, आणि त्या गर्दीत एकाही पारव्याला कधी नीट ओळखलं नाही.

आता कबुतरखान्याचं. जुलै २०२५ मध्ये सरकारने विधान परिषदेत सांगितलं की मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद केले जातील. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, दादरला ताडपत्री पडली, ६ ऑगस्टला जमावाने ती फाडली, हे सगळं तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. ताडपत्री फाडणाऱ्यांची मला चीड आली नाही. कारण आमच्या समोरच्या बेन.

त्या जैन, कच्छकडच्या. सासूबाई गेल्या त्या दिवसापासून रोज एक वाटी जुवार पाखरांना, असा त्यांचा नेम. ह्यांचं दुखणं कळलं तेव्हा त्या आमच्याकडे आल्या, ह्यांच्या समोर हात जोडून उभ्या राहिल्या, "टीचर, आमच्या हातून पाप झालं का हो?" मी म्हटलं, "बेन, पाप असेल तर अर्धं माझं." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आमच्या बिल्डिंगखाली दाणे टाकणं बंद केलं. कुठे टाकतात की टाकत नाहीत, मी विचारत नाही. पण टीव्हीवर ती ताडपत्री बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला ते समजत होतं. ज्यांनी कधी कुणाला दाणा टाकला नाही त्यांनी अशांना हसू नये. आणि ज्यांनी टाकला आहे, त्यांनी खाली राहणाऱ्याच्या श्वासाकडे बघायला शिकावं. ग्रुपवर दोन्हीकडच्या मंडळींना मला हेच सांगायचं होतं, पण तिथे एवढं लांबलचक कोण वाचतं!

आता आमच्याकडे काय चालतं ते सांगते आणि थांबते. दाणे नाहीत. उन्हाळ्यात गच्चीवर मातीचं एक पसरट भांडं, पाणी रोज बदलायचं आणि भांडं रोज घासायचं. पितृपंधरवड्यात गच्चीच्या कठड्यावर कावळ्याला एक घास, आजीच्या मापाचा. आणि सोसायटीच्या माळ्याला विनवून कंपाउंडच्या भिंतीलगत जास्वंद, तगर, अडुळसा लावून घेतला. त्याच्यावर औषध मारायचं नाही एवढी अट.

गेल्या पावसाळ्यात तिथे शिंपी पक्ष्याने दोन पानं शिवून घरटं केलं. ह्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं. हल्ली हे रोज सकाळी खाली बाकावर जाऊन बसतात आणि माझ्या शाळेच्या एका जुन्या हजेरीपटात नोंदी करतात. तारीख, वेळ, कोण आलं, काय खाल्लं. दम लागतो म्हणून हळूहळू लिहितात. परवा वर येऊन म्हणाले, "आज शिंपी गैरहजर होता. दयाळ मात्र वेळेवर."

मी हजेरीपट बघितला. शिंप्याच्या पुढे त्यांनी खरंच फुली मारली होती.

तुमच्याकडे कोण येतं, जरूर कळवा. कावळा येतो का, तेवढं तरी बघा.